जाते तितकीच परत येते : एक सेल, एक बल्ब आणि एका तारेपासून वीज शिकूया

पाचवी ते आठवीच्या मुलामुलींसोबत विजेचा धडा सुरू करताना पहिल्या दिवशी मी फळ्यावर काहीच लिहीत नाही. प्रत्येकाच्या हातात एक सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब आणि वीतभर तार देतो आणि एवढंच सांगतो, "पेटवा."

बहुतेक जण एकच गोष्ट करतात. तारेचं एक टोक सेलच्या वरच्या टोपीला लावतात, दुसरं बल्बच्या बुडाला. बल्ब पेटत नाही. मग "सर, सेल संपलाय", "माझा बल्ब उडालाय", "तार खराब आहे" अशा तक्रारी सुरू होतात. सेल, बल्ब, तार, तिन्ही ठणठणीत असतात. चुकलेलं असतं ते डोक्यातलं चित्र. नळातून पाणी येतं, बादलीत पडतं आणि काम संपतं, तशी वीज सेलमधून निघते, बल्बात जाते आणि तिथे संपते, असं आपल्याला वाटत असतं. घरात दिसतंही तसंच. टीव्हीला एकच वायर जाते, इस्त्रीला एकच. पण वायरमन ती जाडसर वायर सोलतो तेव्हा जवळ उभं राहून बघा. आत निदान दोन तारा असतात. एक वीज जाण्यासाठी, दुसरी परत येण्यासाठी.

हे परत येणं ज्याला कळलं त्याला विजेचा निम्मा धडा कळला, असं माझं ठाम मत आहे. म्हणून पुढचे सगळे प्रयोग त्याच एका गोष्टीभोवती रचले आहेत. लेख थेट तुम्हा विद्यार्थ्यांसाठी आहे. शेजारी आई, बाबा, ताई, दादा कुणी बसलं तर चांगलंच, पण त्यांना एक विनंती आहे: बल्ब पेटत नसेल तर निदान दहा मिनिटं उत्तर सांगू नका.

आधी एक अट

भिंतीवरच्या बोर्डाला या लेखातल्या कुठल्याही प्रयोगासाठी हात लावायचा नाही. आपला सेल दीड व्होल्टचा आहे आणि घरातली वीज २३० व्होल्टची, म्हणजे दीडशे पटींहून जास्त. सेलची दोन्ही टोकं कोरड्या बोटांनी धरलीत तर काहीच जाणवत नाही, कारण कोरडी कातडी विजेला मोठा अडथळा करते आणि दीड व्होल्टचा जोर त्यापुढे फारच कमी पडतो. २३० व्होल्टचा जोर तो अडथळा पार करून शरीरातून वीज ढकलतो. हात ओले असतील तर काम आणखी सोपं होतं.

मोबाइल, लॅपटॉप, मोटरसायकल किंवा इन्व्हर्टर यांची बॅटरीही घ्यायची नाही. त्यांच्यातून एकदम इतकी वीज सुटू शकते की साधी तार क्षणात लालबुंद होते, मोबाइलची बॅटरी तर पेटही घेऊ शकते. घड्याळात, रिमोटमध्ये असतात ते बटणासारखे चपटे सेलही नकोत. घरातल्या लहान भावंडाने तो गिळला तर काही तासांत अन्ननलिकेला जखम होते. तसं झाल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा असतो.

काय काय जमवायचं

टॉर्चचे दोन मोठे सेल. पेन्सिल सेलही चालतील, पण मोठे हातात नीट धरता येतात. २.५ व्होल्टचे तीन बल्ब, तिन्ही एकाच प्रकारचे. दुकानदार आता एलईडी पुढे करतो, तेव्हा काचेत बारीक तार दिसते तो जुना बल्ब मागून घ्या. एकेरी तांब्याची, प्लास्टिक चढवलेली तार दोनेक मीटर. सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले पट्टे, ते पंक्चरवाल्याकडे मिळतात आणि सेलभोवती तार आवळून धरायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. थोडा पॉलिश पेपर. पुढच्या प्रयोगांसाठी एक लांब लोखंडी खिळा, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधला चुंबक, एक लाल एलईडी, १०० ओहमचा रेझिस्टर (वीज अडवणारा छोटा भाग) आणि मिळालंच तर छोटं होकायंत्र. शिवाय इनॅमलची, म्हणजे वीज न जाऊ देणारा पातळ थर चढवलेली तांब्याची तार लागेल. गावात मोटारी रिवाइंड करणारं दुकान असेल तर तिथे जा. उरलेले तुकडे ते लोक मुलांना आनंदाने देतात.

पहिला प्रयोग: एकच तार, एकच सेल, एकच बल्ब

आधी बल्ब निरखा. जमलं तर भिंग घ्या. काचेच्या आत दोन जाड काड्या उभ्या दिसतील आणि त्यांच्यामध्ये केसाहून बारीक तार ताणलेली असेल. ही बारीक तार टंगस्टनची असते. एक काडी खाली जाऊन बुडाच्या मधल्या ठिपक्याला जोडलेली असते. दुसरी काडी बाजूच्या पत्र्याला, म्हणजे जिथे आटे असतात त्या भागाला जोडलेली असते. ठिपका आणि पत्रा यांच्यामध्ये वीज न जाऊ देणारा एक गोल थर असतो. म्हणजे बल्बाला दोन दारं आहेत, एक बुडाला आणि एक बाजूला. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात बल्ब म्हणजे नुसता एक गोल असतो, त्यामुळे ही दोन दारं कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

आता असं करा:

१. तारेच्या दोन्ही टोकांचं प्लास्टिक बोटाच्या पेरभर सोला.
२. बल्बाचं बूड सेलच्या वरच्या टोपीवर (जिथे अधिकची खूण असते तिथे) टेकवा.
३. तारेचं एक टोक सेलच्या सपाट तळाला अंगठ्याने दाबून धरा.
४. दुसरं टोक बल्बाच्या बाजूच्या पत्र्याला लावा.

बल्ब पेटेल. २.५ व्होल्टचा बल्ब दोन सेलच्या टॉर्चसाठी बनवलेला असतो, त्यामुळे एका सेलवर तो केशरी, मंद दिसेल.

आता बोट ठेवून वाट शोधा: सेलची टोपी, बल्बाचं बूड, एक काडी, बारीक तार, दुसरी काडी, पत्रा, आपली तार, सेलचा तळ, आणि सेलच्या आतून पुन्हा टोपी. निघालो तिथेच परत आलो. याला म्हणतात विद्युत परिपथ. यात कुठेही केसाएवढी फट पडली तर सगळं थांबतं. फट बल्बाच्या आधी आहे की नंतर, याने काही फरक पडत नाही. तुम्ही दोन्हीकडे फट पाडून पाहा. बटण म्हणजे तरी काय, हवी तेव्हा पाडता येणारी फट. कार्डाचा तुकडा, दोन टाचण्या आणि एक स्टीलची क्लिप घेऊन स्वतःचं बटण बनवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

सेल उलटा केला तरी हा बल्ब पेटतो. वहीत लिहून ठेवा, कारण पुढे एलईडी तसं करणार नाही.

वीज वापरली जाते म्हणजे नेमकं काय होतं

हा प्रश्न मला एका सहावीतल्या मुलीने विचारला होता: "परत येते तर सेल संपतो कसा?" इतका चांगला प्रश्न मोठी माणसंही सहसा विचारत नाहीत.

सायकल आठवा. पॅडल मारलं की साखळी फिरते आणि मागचं चाक ओढते. साखळीच्या कड्या पुढून मागे जातात आणि मागून पुढे परत येतात. संध्याकाळी मोजल्या तरी कड्या तेवढ्याच भरतात. दमतात ते आपले पाय. परिपथातही असंच असतं. तांब्याच्या तारेत आधीपासूनच इलेक्ट्रॉन नावाचे असंख्य अतिसूक्ष्म कण असतात. सेल त्यांना फक्त ढकलतो. ते बल्बातल्या बारीक तारेतून रेटत जातात, तिथल्या कणांना धडकतात, तार तापते आणि उजळते. इलेक्ट्रॉन एकही कमी होत नाही. खर्ची पडते ती सेलमधल्या रसायनांची ऊर्जा.

साखळीचं उदाहरण आणखी एका कोड्यासाठी उपयोगी पडतं. तारेतले इलेक्ट्रॉन सरासरीने अगदी सावकाश सरकतात, टॉर्चच्या तारेत तर सेकंदाला मिलिमीटरभरसुद्धा नाही. मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? पॅडल हललं की मागचं चाक त्याच क्षणी हलतं, पुढची कडी मागे पोचण्याची वाट पाहत नाही. तसंच.

पण माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. दोन सेल एकामागे एक ठेवा, एकाची टोपी दुसऱ्याच्या तळाला. आता दोन बल्ब एकाच वाटेवर, एकापुढे एक जोडा. वीज पहिल्या बल्बात थोडी संपत असती तर दुसरा मंद दिसला असता. दोन्ही सारखेच दिसतात. थोडा फरक वाटला तर बल्बांच्या जागा बदलून पाहा. मंद बल्ब नव्या जागीही मंदच राहिला, तर तो त्या बल्बाचा दोष आहे, जागेचा नाही.

जाता जाता दिशेविषयी. पुस्तकात विद्युतधारा धन टोकाकडून ऋण टोकाकडे दाखवतात, पण इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात ऋणाकडून धनाकडे जातात. धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिनच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून चालत आली आहेत. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी लावला तो १८९७ साली. तोवर बाणांची दिशा ठरून गेली होती. हिशेबात त्याने काही बिघडत नाही, म्हणून ती तशीच ठेवली आहे.

कोण वाट देतं, कोण अडवतं

परिपथात एक फट ठेवा आणि तिच्यात घरातल्या वस्तू एकेक करून धरा: नाणं, किल्ली, खोडरबर, बांगडी, दोन्ही टोकं तासलेली पेन्सिल, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, काडेपेटीतली काडी, कापड. हात लावण्याआधी वहीत अंदाज लिहा. अंदाज न लिहिता केलेला प्रयोग दोन दिवसांत विसरला जातो.

बल्ब पेटला तर वस्तू सुवाहक, नाही पेटला तर दुर्वाहक. पण दोन जागी फसगत होते. रंगवलेली धातूची बांगडी दुर्वाहक वाटते. पॉलिश पेपरने रंग खरवडला की लगेच बल्ब पेटतो. पेन्सिलच्या शिशात शिसं नसतंच, ते ग्रॅफाइट आणि मातीचं मिश्रण असतं. त्यातून वीज जाते, पण अडखळत, त्यामुळे बल्ब अगदी मंद पेटतो किंवा पेटतच नाही. छोटा तुकडा घेतला तर जास्त, लांब घेतला तर कमी. इथेच तुम्हाला रोध ही कल्पना सापडली.

तिसरी फसगत मात्र जिवावर बेतणारी आहे. भांड्यातल्या पाण्यात दोन्ही टोकं बुडवली तर बल्ब पेटत नाही. म्हणून पाणी दुर्वाहक आहे असं लिहू नका! बल्बाला पेटायला बरीच वीज लागते, एलईडीला फार थोडी पुरते. नऊ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी, एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर घेऊन हाच प्रयोग मिठाच्या पाण्यात केला तर एलईडी उजळतो. शुद्ध पाणी विजेला फारशी वाट देत नाही, पण विहिरीचं, नळाचं, घामाचं पाणी क्षार घेऊनच येतं. ओल्या हाताने बटण दाबू नको, असं आजी म्हणते त्यामागे हेच आहे.

तीन शब्द: व्होल्ट, अँपिअर, ओहम

गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच तितका खालच्या नळाला पाण्याचा जोर जास्त. विजेतल्या या जोराला विभवांतर म्हणतात आणि ते व्होल्टमध्ये मोजतात. नळातून दर सेकंदाला किती पाणी वाहतं, तशी तारेतून किती वीज वाहते ती विद्युतधारा, मोजमाप अँपिअर. आणि पाइप अरुंद असला की प्रवाह अडतो, तो अडथळा म्हणजे रोध, मोजमाप ओहम. इटलीच्या व्होल्टा यांनी १८०० साली जस्त आणि तांबं किंवा चांदी यांच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचून पहिली बॅटरी जगापुढे मांडली. जर्मनीच्या ओहम यांनी १८२७ साली या तिघांचं नातं प्रसिद्ध केलं:

विभवांतर = विद्युतधारा × रोध

हे वापरायचं कसं? आपल्या बल्बावर २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर असं कोरलेलं असेल तर त्याचा रोध २.५ भागिले ०.३, म्हणजे साधारण ८ ओहम. आता कुणाकडे मल्टिमीटर असेल तर बल्ब सुटा करून मोजा. आकडा ८ पेक्षा खूपच कमी येईल. मीटर बिघडलेला नाही. टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध अगदी कमी असतो आणि ती तापली की कित्येक पटींनी वाढतो. जुने बल्ब बटण दाबतानाच का उडायचे, याचं उत्तर यात आहे: थंड तारेतून पहिल्या क्षणी धारा फार मोठी जाते.

एलईडीचा हिशेबही करून टाका. एलईडीची लांब काडी धन टोकाकडे. उलटा लावला तर पेटत नाही, कारण तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, म्हणून एका सेलवर तो ढिम्म राहतो. दोन सेलचे ३ व्होल्ट झाले, त्यातले २ एलईडीने घेतले, उरला १. तो १०० ओहमच्या रेझिस्टरवर पडला की धारा झाली ०.०१ अँपिअर. एलईडीला हे मानवतं. रेझिस्टर नसेल तर सूत्रात रोध जवळजवळ शून्य होतो, मग धारा किती वाढेल याचा तुम्हीच विचार करा. नऊ व्होल्टच्या बॅटरीला नुसता एलईडी लावून तो जाळलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

एका वाटेवर की वेगवेगळ्या वाटांवर

दोन बल्ब एकापुढे एक जोडले होते ती एकसर जोडणी. त्यातला एक बल्ब काढा, दुसराही विझतो, कारण वाट एकच होती. आता प्रत्येक बल्बासाठी सेलपासून स्वतंत्र जाणारी आणि स्वतंत्र येणारी तार लावा. ही समांतर जोडणी. दोन्ही बल्ब पूर्ण तेजाने पेटतात आणि एक काढला तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही. मात्र सेलला दोघांना पुरवावं लागतं, तो लवकर संपतो.

घरात सगळं समांतर असतं, म्हणून स्वयंपाकघरातला दिवा मालवला तरी पंखा फिरत राहतो. दिवाळीतल्या माळेत मात्र गंमत असते. अर्धी माळ पेटते आणि मधलाच एक पट्टा अंधारात राहतो ना? तिथे काही दिवे एकसर जोडून एकेक गट केलेला असतो आणि असे गट आपसात समांतर असतात. एक दिवा गेला की त्याचा गट जातो.

शॉर्टसर्किटही इथेच उरकून घेऊ. सेलच्या दोन्ही टोकांना मध्ये काही न घालता नुसती तार जोडली तर वाटेत अडथळाच उरत नाही. धारा एकदम वाढते, तार आणि सेल दोन्ही तापतात. सेकंदभर लावून लगेच सोडा, तार कोमट लागेल, तेवढं पुरे. नऊ व्होल्टची बॅटरी किल्ल्या किंवा नाण्यांसोबत खिशात टाकू नका, तिची दोन्ही टोकं शेजारीशेजारी असतात. घरात असं झालं तर भिंतीतल्या तारा पेटू नयेत म्हणून फ्यूजमधली तार आधी वितळते किंवा एमसीबीचा खटका खाली पडतो. वारंवार खटका पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करण्याऐवजी वायरमनला बोलवायचं, आणि फ्यूजमध्ये जाड तार तर कधीच घालायची नाही.

तारेतून चुंबक, चुंबकातून मोटर

१८२० साली डेन्मार्कच्या ओरस्टेड यांना दिसलं की तारेतून वीज सोडली की जवळची चुंबकसुई वळते. तुम्हीही पाहा. होकायंत्राच्या वर, सुईच्या रेषेतच तार धरा आणि तिची टोकं सेलला क्षणभर टेकवा. सुई झटकन फिरते. हा प्रयोग दोनशे वर्षांहून जुना आहे, तरी दर वेळी मुलं सेल उलटा करून सुई दुसऱ्या बाजूला वळते का हे न सांगता बघतात.

लोखंडी खिळ्यावर इनॅमलच्या तारेचे पन्नासेक वेढे एकाच दिशेने द्या. टोकं पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, कारण ते इनॅमल पारदर्शक असतं आणि नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. सेल जोडला की खिळा टाचण्या उचलतो. झाला विद्युतचुंबक. दहा सेकंदांच्या वर जोडून ठेवू नका, सेल तापतो.

आता मोटर. थोडी चिकाटी लागेल.

१. इनॅमलची तार मोठ्या सेलभोवती दहा ते पंधरा वेढे गुंडाळा. कडं काढून घ्या. दोन्ही टोकं कड्याला समोरासमोर दोनदा वळसा देऊन पक्की करा आणि बाहेर तीनतीन सेंटिमीटर सरळ राहू द्या. हे दोन आस अगदी एका रेषेत हवेत.
२. एका आसाचं इनॅमल चहूबाजूंनी खरवडा.
३. दुसऱ्यासाठी कडं उभं धरा, आस टेबलाच्या कडेवर आडवा टेकवा आणि फक्त वरच्या अर्ध्या भागाचं इनॅमल काढा. खालचा अर्धा तसाच राहू द्या.
४. सेलच्या दोन्ही टोकांना एकेक सेफ्टी पिन ट्यूबच्या पट्ट्याने आवळा. पिनांची गोल डोळी वर यायला हवीत.
५. सेल आडवा ठेवा, त्याच्या पाठीवर मधोमध चुंबक ठेवा. सेल लोखंडी कवचाचा असला तर चुंबक आपोआप चिकटतो, नाहीतर टेप लावा.
६. आस पिनांच्या डोळ्यांमध्ये अडकवा आणि कड्याला बोटाने हलकी टिचकी द्या.

फिरलं नाही तर दुसऱ्या दिशेने टिचकी द्या. तरीही नाही तर कडं चुंबकाच्या जवळ आणा. आस वाकडे असतील तर कडं हेलकावे खात थांबतं, ते सरळ करा. सगळ्यात जास्त वेळा दोष खरवडण्यात निघतो, म्हणून पायरी दोन पुन्हा करा. कडं नुसतं थरथरत एका जागी उभं राहिलं तर लगेच उचला, सेल फुकट तापतो.

अर्धंच का खरवडायचं? कड्यातून वीज गेली की ते स्वतः चुंबक बनतं आणि खालचा चुंबक त्याला ढकलतो. पण अर्धा फेरा झाला की कड्याची बाजू पालटते आणि तोच ढकलणारा जोर आता उलट्या दिशेने ओढू लागतो. वीज सतत चालू असेल तर कडं मध्येच अडकून बसतं. नेमक्या त्या अर्ध्या फेऱ्यात न खरवडलेलं इनॅमल वीज तोडतं, कडं आपल्या वेगाने पुढे सरकतं आणि पुन्हा ढकलण्याच्या जागी येतं. फट कधी पाडायची हे ज्याने ठरवलं, त्याने मोटर बनवली.

हेच उलटं केलं तर? चुंबकाजवळ कडं आपण फिरवलं तर तारेत वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली हे दाखवलं. खोपोलीला घाटावरून उतरणाऱ्या पाण्याने १९१५ पासून चाकं फिरवली आणि ती वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना गेली. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणाच्या बाजूला उतरतं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली जनित्रं फिरवतं. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. तिथल्या अवाढव्य यंत्रात आणि तुमच्या सेफ्टी पिनेच्या मोटरीत नातं आहे: तार, चुंबक आणि फिरणं.

घरातली वीज: हात न लावता समजून घ्यायची

तारेवर पक्षी निवांत बसतो, त्याला शॉक का बसत नाही? त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, त्याच्यातून जाऊन परत येण्याची वाट नसते. आपण जमिनीवर उभं राहून फेजला, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या तारेला हात लावला तर मात्र वाट पूर्ण होते. गावातल्या डीपीजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ) न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार जमिनीशी जोडलेली असते, त्यामुळे फेजमधली वीज आपल्या हातातून, पायातून, जमिनीतून परत डीपीपर्यंत पोचू शकते. दुसरी तार दिसत नाही, पण जमीनच ती तार होते.

अर्थिंग याच वाटेचा चांगला उपयोग करतं. इस्त्रीच्या आत फेजची तार सुटून पत्र्याला टेकली तर हिरवी तार ती वीज थेट जमिनीत नेते आणि फ्यूज उडतो किंवा खटका पडतो. तीन पिनांच्या प्लगमध्ये जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते, लांब यासाठी की ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी. ती कापून दोन पिनांच्या जागी बसवणं म्हणजे घरातल्या माणसांना उघड्यावर टाकणं.

काही घरांत आरसीसीबी नावाचा खटका असतो आणि मला तो फार आवडतो, कारण त्याला आपलाच नियम ठाऊक असतो. तो फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली धारा सतत ताडून पाहतो. दोन्ही सारख्या असतील तर ठीक. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या छोट्या भागात वीज तोडतो. हरवलेली वीज कुणाच्या तरी शरीरातून जमिनीत जात असणार, हे तो धरून चालतो. त्याच्यावर टेस्ट लिहिलेलं बटण असतं, ते मोठ्यांनी अधूनमधून दाबून पाहायचं असतं.

पावसाळ्यात तुटून पडलेली तार दिसली तर लांबच राहा, इतरांना अडवा आणि वीज कार्यालयाला कळवायला सांगा. विजेच्या तारांवर अडकलेला पतंग सोडून द्या. विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला कपड्यांची दोरी आणि गुरं बांधू नका. घरात कुणी विजेला चिकटलं तर त्यांना हात लावायचा नाही, आधी मेन स्विच बंद. तो लांब असेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने तार दूर लोटायची आणि १०८ ला फोन करायचा. हे फक्त घरातल्या विजेपुरतं. रस्त्यावरच्या उच्च दाबाच्या तारेजवळ लाकूड घेऊनही जायचं नाही.

शेवटचं काम मीटरचं. एक युनिट म्हणजे १,००० वॅटचं उपकरण तासभर चालणं. ९ वॅटचा एलईडी दिवा एका युनिटमध्ये १११ तास जळतो, ७५ वॅटचा पंखा तेरा तासांहून थोडा जास्त फिरतो आणि २,००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात ते युनिट संपवतो. मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो, शेजारी आकडा असतो. समजा तो ३२०० असेल, तर ३,२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट झालं. हात न लावता लांबून मोजायचं आहे. आधी मिनिटभर मोजा. मग हजार वॅटची इस्त्री चालू करायला सांगा आणि पुन्हा मिनिटभर मोजा, ५३ च्या आसपास वाढ दिसायला हवी. ताडून पाहा.

मग रात्री घरातली सगळी बटणं बंद झाल्यावर, फ्रिजसुद्धा थोडा वेळ बंद करून, पुन्हा मीटरपाशी जा. ठिपका तरीही अधूनमधून लुकलुकत असेल तर घरात कुठेतरी वीज अजून जाऊन येते आहे. सेट टॉप बॉक्स, वायफाय, भिंतीला तसाच लावून ठेवलेला चार्जर, एकेक करून मोठ्यांना काढायला सांगा आणि प्रत्येक वेळी घड्याळ लावून मोजा. दोन लुकलुकण्यांमधला वेळ कधी वाढला ते वहीत लिहा.